खुब्याचा सांधा : बदलावा की वाचवावा?

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला साधा शाळामास्तर आहे. तरीही आज खुब्याच्या शस्त्रक्रियेवर बोलायला उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. कारण असे की, माझ्या थोरल्या भावावर ही वेळ आली, आणि जे प्रश्न आधी विचारायला हवे होते ते आम्हाला फार उशिरा सुचले. शिकल्यासवरल्या घरात असे घडले. तुमच्या घरात ते घडू नये, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम सांधा समजून घेऊ. विद्यार्थ्यांनी 'उखळीचा सांधा' पुस्तकात वाचला आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा असतो. तो कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. हा थर झिजला की हाडावर हाड घासू लागते. मग जिना चढणे, मांडी घालून जेवायला बसणे, सजद्यात जाणे, साधी चप्पल घालणेसुद्धा कठीण होते.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे संपूर्ण सांधा बदलणे. इंग्लंडमधील डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ साली ही शस्त्रक्रिया भरवशाची करून दाखवली. तीत हाडाचा गोळा मानेसकट कापतात, हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात आणि त्यावर नवा, लहान गोळा लावतात. असे बहुतेक सांधे पंधरा-वीस वर्षे चांगले चालतात. साठी-सत्तरीच्या माणसाला एवढे पुष्कळ झाले. पण चाळिशीच्या माणसाचे काय? त्याला पुढे दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव अधिक, आणि दुसरी वेळ पहिलीपेक्षा अवघड असते.

म्हणून दुसरा मार्ग निघाला. त्याला 'हिप रिसरफेसिंग' म्हणतात. यात गोळा कापून टाकत नाहीत. तो तासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि वाटीला धातूचे पातळ अस्तर लावतात. दाढ उपटण्याऐवजी तिच्यावर कॅप बसवावी, तसेच हे. मांडीचे हाड शाबूत राहते, गोळा जवळजवळ मूळच्या आकाराचा राहतो, त्यामुळे सांधा निखळण्याचा धोका कमी होतो. पुढे गरज पडलीच तर संपूर्ण सांधा बदलण्याची वाटही मोकळी राहते. १९७०च्या दशकात असे प्रयत्न झाले होते, पण प्लॅस्टिकचे अस्तर लवकर झिजले आणि ते फसले. पुढे बर्मिंगहॅमचे डॉ. डेरेक मॅकमिन यांनी १९९१ पासून धातूवर धातू ही पद्धत आणली. टेनिसपटू अँडी मरे यांनी जानेवारी २०१९ मध्ये हीच शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली.

हे वाचून आपण हुरळून जातो. मीही गेलो होतो. पण नाण्याची दुसरी बाजू पाहिलीच पाहिजे. धातूवर धातू घासला की कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटतात. ते रक्तात उतरतात, कधी सांध्याभोवतीचे मांसही खराब करतात. डेप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा सांधा याच कारणाने वादात सापडला आणि ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत घ्यावा लागला. आपल्या देशात तो सुमारे ४,७०० जणांना बसवलेला होता. पुढे भरपाईचा प्रश्न आला तेव्हा त्यांतल्या बहुतेकांचा ठावठिकाणाच लागला नाही.

बर्मिंगहॅमच्या पद्धतीचा सांधाही २०१५ पासून स्त्रियांना आणि लहान मापाच्या गोळ्यासाठी वापरू नये असे ठरले. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना, हाडे ठिसूळ झालेल्यांना धातूचा हा सांधा योग्य नाही. पहिल्या काही महिन्यांत हाडाची मान मोडण्याचा धोका असतो. थोडक्यात, साठीच्या आतला, भक्कम हाडाचा, अंगमेहनत करणारा पुरुष असेल तरच हा मार्ग विचारात घ्यावा, आणि तोही अशा शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच.

आता भाईजानची हकिकत. वय त्रेचाळीस, गवंडीकाम. दुखत होता गुडघा. वर्षभर गुडघ्याचेच फोटो काढले, तेल चोळले, कोणी दिलेल्या पुड्या घेतल्या. खुब्याचे दुखणे पुष्कळदा मांडीत आणि गुडघ्यात जाणवते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. शेवटी एम.आर.आय. काढला तेव्हा कळले की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचला आहे. मी मोठ्या उमेदीने मरे यांच्या बातमीचे कात्रण घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, टोपी घालायला डोके तर शिल्लक हवे ना!" भाईजानचा संपूर्ण सांधा बदलला. आज ते चालतात, कामावर देखरेख करतात, नमाज मात्र खुर्चीवर पढतात. वर्षभर आधी गेलो असतो तर निवड करायला निदान वाव राहिला असता, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

म्हणून पालकहो, चार गोष्टी लक्षात ठेवा. लंगडणे किंवा मांडीचे दुखणे महिनाभर टिकले तर हाडाच्या डॉक्टरांकडे जा आणि खुबाही तपासायला सांगा. कशाच्या आहेत हे माहीत नसलेल्या पुड्या घेऊ नका. स्टेरॉइड फार दिवस पोटात गेले तर त्याने गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी विचारा : दुसरा मार्ग आहे का, माझ्यासाठी तो योग्य का किंवा अयोग्य का, कोणत्या कंपनीचा सांधा, आणि जमिनीवर बसता येईल का? आणि सांध्याचा नंबर असलेले स्टिकर, डिस्चार्जचा कागद घरच्या दस्तऐवजांत जपून ठेवा. धातूवर धातू असा सांधा असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, घरात इंग्रजी कागद वाचणारे बहुधा तुम्हीच असता. वडिलांच्या, चाचांच्या रिपोर्टाची घडी तशीच ठेवू नका. ती उघडा, वाचा आणि न समजलेला शब्द डॉक्टरांना अदबीने विचारा. आम्ही शाळेत शिकवतो ते अशा वेळी उपयोगी पडावे म्हणूनच.

अल्लाह आपणा सर्वांना आरोग्य देवो. खुदा हाफिज.