भिडूचा हात आणि आपली बोली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘या वेळी तुम्ही ब्रिजवर बोला’ असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मागे याच दिवशी आहारावर भाषण झाले, मृत्युपत्रावर झाले. त्या पंक्तीत पत्त्यांनी कसे बसावे? पण मंगळागौरीच्या जागरणाला झिम्मा-फुगडी खेळून दमल्यावर रात्री दोनला पत्त्यांचा कॅट कुणाच्या पिशवीतून निघतो, हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. तेव्हा संकोच बाजूला ठेवून बोलते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पत्ते म्हटले की पुष्कळांच्या मनात जुगार येतो, आणि तो येण्यासारखी उदाहरणे आपण घराघरांतून पाहिलेली आहेत. मी सांगते त्या खेळात पैसा नाही. एक वही, एक पेन्सिल, एवढाच व्यवहार. रमीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे म्हटले, तेव्हा दाखल्याला त्यांनी ब्रिजचेच नाव घेतले होते. आणि २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. मिश्र संघाला कांस्यपदक मिळाले. त्या संघात हेमा देवरा, किरण नाडर आणि हिमानी खंडेलवाल अशा तीन स्त्रिया होत्या. त्यांतल्या हेमाताई तर साठी ओलांडलेल्या. गुडघे कुरकुरू लागल्यावरही देशासाठी पदक आणता येईल असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही.

ब्रिज अवघड वाटतो तो त्यातल्या इंग्रजी शब्दांमुळे. वास्तविक बारा आणे खेळ आपल्याला येतच असतो. मेंढीकोट घ्या. चौघीजणी, समोरासमोर भिडू, प्रत्येकीला तेरा पाने, रंगाला रंग द्यावयाचा, रंग नसेल तर हुकूम मारता येतो. हे सारे ब्रिजमध्ये जसेच्या तसे आहे. दश्शांना मात्र तिथे मेंढीचा मान नाही, नुसते हात मोजावयाचे. आता पाच-तीन-दोन आठवा. तिथे कुणी किती हात करावयाचे ते आधी ठरलेले असते. पाचवालीचे चार झाले की पुढच्या डावात तिचे पान ओढले जाते. ब्रिजमध्येही असेच हात बांधलेले असतात, पण ते दुसरे कुणी बांधून देत नाही. आपणच आपल्या तोंडाने बांधून घ्यावयाचे. त्याचे नाव बोली.

बोली एकापासून सातापर्यंत चढते. पहिले सहा हात धरलेलेच असतात. म्हणून ‘एक’ म्हणजे सात हात, ‘चार’ म्हणजे दहा आणि ‘सात’ म्हणजे तेराच्या तेरा. रंगांचीही चढती भाजणी आहे: किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, आणि सर्वांच्या वर बिनहुकूम. शेवटची बोली ज्या जोडीची, तिचा हुकूम. त्या जोडीत तो रंग जिने प्रथम उच्चारला ती खेळते, आणि तिची भिडू आपली तेरा पाने उघडी मांडून गप्प बसते. तिला डमी म्हणतात. पाने उघडी मांडणे सोपे आहे. गप्प बसणे मला अजून साधलेले नाही.

बोलीला आधार काय? तर गुण. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. साऱ्या कॅटात मिळून चाळीस. दोघी भिडूंचे मिळून पंचवीस-सव्वीस गुण असतील तर बदाम किंवा इस्पिक हुकूम करून दहा हात साधारणपणे निघतात. पण मौज अशी की भिडूची पाने आपल्याला दिसत नाहीत. तिच्याकडे काय आहे ते तिच्या बोलीवरून ओळखावयाचे, आणि आपल्याकडे काय आहे ते आपल्या बोलीवरून तिला कळवावयाचे.

कमी बोलून सुरक्षित का राहू नये, असे कुणी विचारील. हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९२५ साली आगबोटीच्या प्रवासात गुण मांडण्याची नवी पद्धत बसवली, आणि या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे. जितके बोलाल तितकेच गेमच्या हिशेबात धरले जाईल. वर झालेले हात त्या हिशेबात नाहीत. इस्पिकच्या दर हाताचे तीस गुण. तीन इस्पिक बोलून केले तर नव्वद, चार बोलून केले तर एकशेवीस, आणि गेमची रेषा आहे शंभरावर. म्हणजे भित्रीचे नुकसान, आणि फाजील धीट असेल तिला दंड. या दोन टोकांच्या मध्ये साऱ्या बोलीचा जीव आहे.

आता माझीच एक चूक सांगते. या भाषणाला मी खरे तर तिच्यासाठीच उभी राहिले.

आमच्याकडे ब्रिज आणला भाऊजींनी. नोकरीनिमित्त पुण्याला होते, तिथे शिकले आणि भोरला परत आल्यावर आम्हांला धरून बसवले. चौघांत ते, शेजारच्या वहिनी, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. जाऊबाईंचे घर वेल्ह्याला. त्या वर्षी गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी ज्येष्ठात महिनाभर आमच्याकडे होत्या. शाळा चौथीपर्यंत, पण भाताच्या खाचरांचे आणि पायलीचे हिशेब तोंडी करण्यात जन्म गेलेला. आम्ही दोघी भिडू.

एका रात्री जाऊबाई बोलल्या, ‘एक इस्पिक.’ आमच्या ठरावाप्रमाणे त्याचा अर्थ, निदान पाच इस्पिक आणि बारा-तेरा गुण तरी आहेत. माझ्याकडे इस्पिकची तीन लहान पाने, बदामचा राजा आणि दोन लहान, चौकटचा एक्का आणि दोन लहान, किलवरची चार बारकी. सात गुण. मी म्हटले, ‘दोन इस्पिक,’ म्हणजे रंग जमतो आणि गुण सहा ते नऊ. जाऊबाई म्हणाल्या, ‘तीन इस्पिक.’ ही बोली नव्हे, हा प्रश्न होता: सहा ते नऊमध्ये तू वरच्या टोकाला आहेस की खालच्या?

सात म्हणजे खालचेच टोक. शिवाय माझा एकही रंग तोकडा नाही, म्हणजे हुकूम मारून एखादा हात काढण्याचीही सोय नाही. उत्तर ‘पास’ हेच. पण आदल्या दिवशी वहिनी हसत हसत म्हणाल्या होत्या, ‘तुम्ही फार भीत भीत बोलता हो!’ ते मनात सलत होते. मी म्हटले, ‘चार.’

पाने मांडली. जाऊबाईंकडे इस्पिकचा एक्का, राजा, गुलाम, दश्शी आणि दुर्री. बदामचा एक्का आणि दोन लहान. चौकटचे राजा-राणी आणि एक लहान. किलवरची दोन लहान. सतरा गुण. वहिनींनी किलवरचे एक्का आणि राजा वाजवून दोन हात नेले, तिसऱ्या किलवरवर जाऊबाईंनी दुर्रीने हुकूम मारला. पुढे बदामचा एक हात जाणार हे उघड होते. म्हणजे तीन गेले, आणि इस्पिकच्या राणीला हात दिला की करार बुडाला.

जाऊबाईंनी इस्पिकचा एक्का काढला. दोघांची लहान पाने पडली, राणी आली नाही. मग चौकटच्या एक्क्याने माझ्या उघड्या पानांत येऊन त्यांनी तिथून लहान इस्पिक खेळले. उजवीकडून भाऊजींनी लहान टाकले. आता राजा ठोकावयाचा की गुलाम टाकावयाचा? जाऊबाई क्षणभर थांबल्या आणि त्यांनी गुलाम टाकला. डावीकडून वहिनींची राणी पडली. नऊच हात झाले.

गेले किती, तर पन्नास गुण. पण शेवटचे पान पडताच मी वहिनी-भाऊजींसमोर म्हणाले, ‘राजा हातात असताना गुलाम कसला टाकता जाऊबाई? राणी दोनच पानांत होती. राजा मारला असता तर पडली नसती का?’ जाऊबाई एवढेच म्हणाल्या, ‘पडली असती.’ दुसऱ्या दिवशी लावणीची वेळ आली म्हणून त्या वेल्ह्याला गेल्या. दर वर्षी गौरी आणायला आमच्याकडे येत. त्या भाद्रपदात नुसती आंबेमोहोराची पिशवी आली, एस.टी.ने.

ती पिशवी पाहून मला कसेसेच झाले. पितृपंधरवड्यात एका दुपारी मी चटईवर तोच डाव मांडून बसले. आमच्याकडे आठ इस्पिक, म्हणजे बाहेर पाच. जाऊबाई थांबल्या त्या क्षणापर्यंत त्यांतली तीन लहान पाने पडलेली होती. उरली दोनच, राणी आणि एक लहान. ही दोन पाने कुठे कुठे असू शकतात? दोन्ही वहिनींकडे, दोन्ही भाऊजींकडे, राणी वहिनींकडे आणि लहान भाऊजींकडे, किंवा राणी भाऊजींकडे आणि लहान वहिनींकडे. चारच प्रकार. दोन्ही वहिनींकडे असतील तर काहीही करा, हात जातोच. राजा मारण्याने डाव साधतो तो फक्त एका प्रकारात, राणी वहिनींकडे एकटी असेल तेव्हा. गुलाम टाकण्याने मात्र भाऊजींकडे राणी असण्याचे दोन्ही प्रकार साधतात. काटेकोर गणितात आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण कौल तोच राहतो. चारांत एक आणि चारांत दोन. जाऊबाईंनी दोनाची बाजू घेतली, आणि त्या रात्री पाने नेमकी त्या एका प्रकाराने बसलेली होती.

मी त्यांना दोष दिला तो चारी हात उघडे पडल्यावर, डोळ्यांसमोर राणी दिसत असताना. त्यांनी निर्णय घेतला तेव्हा राणी झाकलेली होती. राणी कुठे आहे हे कळल्यावर तर माझा धाकटा नातूही बरोबर खेळेल.

तेवढ्यावर भागले नाही. डाव पुन्हा मांडताना माझी बोली मला दिसली. मी ‘पास’ म्हटले असते तर तीन इस्पिकचे नऊ हात झालेच होते, नव्वद गुण वहीत पडले असते. चार इस्पिकचा करार अर्ध्या आशेवर उभा होता, आणि तीही जाऊबाईंच्या सतरा गुणांची आणि त्या दश्शीची कृपा. मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. करार मी ओढवून घेतला आणि पावती मात्र भिडूच्या नावाने फाडली. गंमत पहा, राणी भाऊजींकडे असती तर सगळे म्हणाले असते, ‘काय धीट बोली!’ आणि ते ऐकून मी पुढे आणखी दहा डाव बुडवले असते.

दसऱ्यानंतर मी कापूरव्होळ, नसरापूर करीत वेल्ह्याला गेले. भात कापणीला आलेले, तोरण्यावर ढग नाही असा लख्ख दिवस. जाऊबाई पडवीत सुपात काही पाखडीत होत्या. चहा झाल्यावर मी पिशवीतून कॅट काढला, दोन पाने त्यांच्यापुढे ठेवली आणि चारी प्रकार मांडून दाखवू लागले. दुसऱ्या प्रकारालाच त्यांनी मला थांबवले.

“अगं, ते मला त्याच रात्री ठाऊक होतं. म्हणूनच थांबले होते ना!”

“मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? राणी पडली असती हे तर खरंच. मला कोडं दुसरंच होतं. तू चार म्हणालीस तेव्हा मी तुझे नऊ गुण धरले. पाने मांडलीस, मोजले तर सात. मला वाटलं, हिला माझ्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही, की कळूनही हिने मला खोटं सांगितलं?”

मी वहिनींचे ते भित्रेपणाचे बोलणे सांगितले. जाऊबाई सूप खाली ठेवून हसल्या. “म्हणजे बोललीस वहिनींशी, आणि ऐकलं मी!” म्हणाल्या. रात्री त्यांच्या सुनांना बसवून आम्ही डाव टाकला.

तेव्हापासून आमच्या घरी चहा होईपर्यंत झालेल्या डावाविषयी कुणी चकार शब्द काढीत नाही, आणि काढलाच तर आधी विचारावयाचे, ‘तुला तेव्हा काय दिसत होतं?’ दुसरा एक नियम भाऊजींनी घातला. बोली सपाट आवाजात बोलावयाची. ‘दोन इस्पिक’ हे शब्द ओढून-ताणून म्हटले की भिडूला नको ते कळते, आणि तो अन्याय आहे. मोठ्या स्पर्धांत तर तोंडाने बोलतच नाहीत. बोलीची छापील पाने डब्यातून काढून टेबलावर ठेवतात. मेंढीकोटात डोळ्यांनी, नाकातल्या नथीने आणि बांगड्यांच्या आवाजाने ज्या खुणा चालतात, त्या इथे चालावयाच्या नाहीत. कुणाचे नाव घेत नाही.

पुढच्या गुरुवारपासून दुपारी तीन वाजता मंडळाच्या वरच्या खोलीत आम्ही दोन डाव मांडणार आहोत. येताना पेन्सिल आणावी. कॅट मी आणते. पहिले दोन गुरुवार फक्त गुण मोजणे आणि ‘पास’ म्हणायला शिकणे, एवढेच ठेवले आहे. जाऊबाई येणार आहेत, वेल्ह्याची एस.टी. वेळेवर निघाली तर.