पैनगंगेच्या अलीकडे, पलीकडे



वाशिम जिल्ह्याच्या नैऋत्य कोपऱ्यात आपला रिसोड तालुका. पश्चिमेला बुलढाणा, दक्षिणेला हिंगोली. रेल्वे रिसोडला आलीच नाही. गाडी धरायची तर वाशिम गाठावं लागतं. २०११च्या जनगणनेत राज्यात चौरस किलोमीटरमागे ३६५ माणसं होती, आपल्या जिल्ह्यात २४४.  

वर काळी माती, खाली काळा कातळ, अशी ही भूमी. जिल्ह्याच्या उत्तरेचं पाणी काटेपूर्णेतून तापीकडे, म्हणजे अरबी समुद्राला जातं. रिसोडचं पाणी पैनगंगेतून वर्धेला, तिथून प्राणहितेला आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं.

या पैनगंगेलाच माणसांनी हद्द केलं. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. मग नदीच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामी. ती व्यवस्था १९४८मध्ये मोडली, हद्द मात्र उरली. आजही उत्तरेला विदर्भ, दक्षिणेला मराठवाडा. १ जुलै १९९८ला वाशिम जिल्हा झाला, १ मे १९९९ला हिंगोली.

पण उन्हाळ्यात रिसोडच्या बाजार समितीत जाऊन बघा. पलीकडच्या सेनगावकडची हळद आणि आपली हळद एकाच ओट्यावर पडलेली असते. कांडी वेगळी, गट्टू वेगळा. व्यापारी हळकुंड कटकन मोडतो, आतला रंग उजेडात धरतो आणि मग भाव बोलतो. माल कोणत्या काठाचा, हे तो रंगावरून सांगू शकत नाही. सोयरिकीही अशाच नदी ओलांडून होतात.

पाण्याचा हिशेब तेवढा अजून दोन ठिकाणी मांडला जातो. हे मला मुळीच पटत नाही. पावसाळ्यात दोन्ही काठांची शेतं एकाच पुराने खरडली जातात, आणि उन्हाळ्यात दोन्हीकडच्या विहिरी तळ गाठतात. बंधाऱ्याचं पाणी कधी सोडायचं, नाले कुठे अडवायचे, वाळूचा उपसा कसा थांबवायचा, हे एका काठाने ठरवून भागणार नाही. म्हणून माझी विनंती आहे: पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि त्या बैठकीला पलीकडच्या गावच्या सरपंचांनाही बोलवा.