कटर मशीनची पट्टी

सिंदखेडराजाहून मेहकरकडे निघालं की वाटेत आमचं दुसरबीड लागतं. तिथे माझं सुतारकामाचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी दारात बाभळीचे ओंडके आणि दुरुस्तीला आलेल्या तिफणी असायच्या. आता चौकटी आणि प्लायचं काम जास्त, त्यामुळे कटर मशीन दिवसभर चालू असतं.

गेल्या पावसाळ्यात ते किंचाळायला लागलं. लाकूड न लावताच. कोणी म्हणे बेअरिंग गेलं, कोणी म्हणे मोटर उतरव. मी प्लग काढला आणि पातं हाताने सावकाश फिरवलं. शाफ्ट मऊ फिरत होता, पण पट्टीपाशी बारीक ‘खस्स’ ऐकू आलं. पट्टी म्हणजे टेबलातून पातं जिथे वर येतं, तिथल्या भोकावर बसवलेला तुकडा. एका दाताला खडूची खूण केली. तोच दात आला की घासत असेल, तर पातं वाकलंय. माझ्याकडे मात्र प्रत्येक दात एकाच जागी घासत होता. दोष पट्टीचा. लाकडाची पट्टी, दमट हवेत फुगली आणि फट आवळली.

किंचाळण्याचं कारणही त्या फटीतच आहे. 40 दातांचं पातं मिनिटाला 2,800 फेरे घेतं, तेव्हा फटीच्या काठाजवळून सेकंदाला जवळजवळ 1,870 दात जातात. प्रत्येक दात हवा कापतो. हाताने फिरवायच्या भोंग्यातही अशीच हवा कापली जाते, म्हणून तो वाजतो.

खडखड वाजत असेल तर गोष्ट वेगळी. मशीन बंद ठेवून पट्टीचे चारही कोपरे बोटाने दाबून बघा. एखादा डुलतो. पट्टी उचलली की खाली भुशाचा थर दडपून बसलेला सापडतो. तो खरवडून काढायचा, खालचे स्क्रू फिरवून पट्टी टेबलाच्या पातळीत आणायची. खटका संपतो.

पण एक गोष्ट हात जोडून सांगतो. वाजते म्हणून पट्टी काढून ठेवून काम करू नका. असं करणारी पोरं मी पाहिली आहेत. लाकडाची बारीक चीप उघड्या भोकात शिरते, पात्यात अडकते आणि गोळीसारखी उलटी येते. 10 इंची पात्याच्या दाताचा वेग ताशी 130 किलोमीटरच्या पुढे असतो. तिथे हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

मी माझी पट्टी काढली, कानशीने फटीचा काठ घासला, दोन्ही बाजूंना पोस्टकार्ड सरकेल एवढी जागा केली आणि उन्हं पडल्यावर तेलाचा हात दिला. पातं पुन्हा हाताने पूर्ण फिरवलं. खस्स नाही. मग प्लग लावला.