वैशाखातला घाट, डोह आणि गळ



उन्हाळ्याची सुट्टी लागली की गाडी काढून कुठे जावे, हा प्रश्न हल्ली पुष्कळ घरांतून निघतो. कोणी महाबळेश्वर सुचवितो, कोणी माथेरान. इगतपुरीचे नाव काढले तर ऐकणारा चटकन म्हणतो, "छे, तिकडे पावसाळ्यात जायचं. वैशाखात तिथं आहे काय? करपलेले डोंगर आणि कोरडे धबधबे!" आज मला या समजुतीविषयीच चार शब्द बोलायचे आहेत. माझे म्हणणे असे, की हा मुलूख पाहावा तो वैशाखातच. पावसाळ्यात पाणी जिकडेतिकडे असते. ते उन्हाळ्यात नेमके कुठे टिकते आणि त्याच्या आधाराने कोण तग धरते, हे मात्र वैशाखातच कळते. आणि ज्यांना गळ टाकून बसण्याचा छंद आहे, त्यांनी तर हे जाणून घेतल्यावाचून काठी हातात धरूच नये.

मुंबईकडून येणाऱ्याला इगतपुरीला पोचण्यास आता दोन वाटा आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या बघता बघता डोंगर ओलांडू लागल्या. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असेल, भाजीपाला बाजारात पोचवायचा असेल, तर ही मोठीच सोय आहे. पण सहलीला निघालेल्या माणसाने बोगद्यातून जाणे म्हणजे पंगतीला बसून नुसते पाणी पिऊन उठणे! आपण जुन्या मुंबई–आग्रा रस्त्याने जाऊ या. कसारा सोडला की घाट सुरू होतो. याचे जुने नाव थळ घाट. रस्त्याच्या जोडीने आगगाडीही चढत असते. १८६५ साली रूळ कसाऱ्याहून इगतपुरीला पोचले. चढ असा, की ३७ फूट पुढे जावे तेव्हा गाडी १ फूट वर येते. म्हणून बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडतात आणि इगतपुरीला ती सोडून घेतात. इगतपुरी गाव वाढले ते याच थांब्यामुळे.

घाटमाथ्यावर घाटनदेवीचे देऊळ आहे. तिथे गाडी बाजूला लावा आणि दरीकडे तोंड करून उभे राहा. खाली भातसा नदीचे खोरे. या कड्यावरून पश्चिमेला उतरणारे पाणी भातसेत जाते, भातसेतून उल्हास नदीत आणि तिथून अरबी समुद्रात. पाठीमागे, पूर्वेकडे पडलेला पाऊस दारणेत उतरतो, दारणेतून गोदावरीत, आणि हजार किलोमीटरहून अधिक वाट चालून बंगालच्या उपसागराला मिळतो. दोन थेंब शेजारी शेजारी पडावेत आणि त्यांची ताटातूट अशी व्हावी! गुरुजनहो, भूगोलाच्या पुस्तकातला जलविभाजक हा शब्द मुलांच्या तोंडात बसत नाही. इथे उभे केले तर तो न सांगता समजतो.

आता या माथ्याभोवतीची धरणे मोजा. दारणा आहे, मुंबईची तहान भागविण्यासाठी १९७३ साली पुरे झालेले वैतरणेवरचे वरचे धरण आहे, घाटाखाली भातसा आहे, आणि थोडे दक्षिणेला भंडारदरा. इगतपुरीला वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. असे असून तालुक्यातल्या कित्येक वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायाबापड्या टँकरची वाट पाहत असतात. कारण उघड आहे. डोंगर काळ्या पाषाणाचा. त्याच्या पोटात पाणी फार मुरत नाही, आणि उतार इतका की चार महिन्यांत आले तसे निघून जाते. जे अडवले, त्यातले बरेचसे शहराकडे आणि खालच्या मुलखाकडे वाहते. ही धरणे नसावीत असे मी म्हणत नाही. पण हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात उतरताना शेजारच्या वाडीवरच्या हंड्यांची रांग आठवावी, एवढे पाहुण्याकडून मागितले तर ते फार होणार नाही.

घोटी हे भाताच्या व्यापाराचे गाव. तिथून उजवीकडे वळले की पस्तीसएक किलोमीटरवर भंडारदरा. हा रस्ता घाईने कापू नका. वाटेत बारी गाव लागते आणि कळसूबाई अगदी अंगावर येते. उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. मे महिन्यात रस्त्याच्या कडेला ठाकर बायका पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे घेऊन बसतात. घासाघीस न करता घ्या. चार रुपये वाचवून कोणी श्रीमंत झालेले नाही, आणि ते करवंद तोडताना बोटांना किती काटे लागतात हे शहरात कळत नाही.

भंडारदऱ्याचे धरण प्रवरा नदीवर आहे. ते १९२६ साली पुरे झाले आणि तेव्हाचे गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला दिले गेले. साठवण अकरा अब्ज घनफूट. खाली संगमनेर, राहुरीकडचा ऊस या पाण्यावर उभा राहिला, आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखानाही. खालचा रंधा धबधबा सुमारे १७० फुटांचा. पण उन्हाळ्यात धरणातून आवर्तन सुटले असेल तरच त्याला पाणी. नाहीतर उघडा पडलेला खडक दिसतो. तोही पाहण्यासारखाच असतो. शेकडो वर्षे पाण्याने कोरलेले रांजण तेव्हाच नजरेस पडतात.

आता डोहाकडे येऊ. नदी आटली म्हणजे ती सगळीच मरते असे नाही. वळणावर, मोठ्या खडकाखाली, उंबराच्या नाहीतर जांभळीच्या सावलीत पाणी उरते. मरळ, वाम, शिंगटा, खेकडे, सारी मंडळी तिथे गोळा होते. घरातले बी-बियाणे जसे आपण कणगीत राखतो, तसे नदी आपले बियाणे डोहात राखते. पाऊस पडला की तेच मासे वर चढतात, अंडी घालतात आणि सारा ओढा पुन्हा भरतो. म्हणून वैशाखातल्या डोहातला एक मासा पावसाळ्यातल्या दहा माशांच्या मोलाचा समजावा.

सह्याद्रीच्या नद्यांतला मानाचा मासा म्हणजे खडशी, ज्याला हिंदीत महाशीर म्हणतात. मोठा खवला, जाड ओठ, अंगात विलक्षण जोर. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि इथल्या लोकांच्या तोंडचा शब्द घेऊन त्याला 'खुद्री' असे नाव ठेवले. ते शास्त्रात आजही चालते. इंग्रज साहेबांना या माशाचे वेड होते. थॉमस नावाच्या एका अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड पुस्तकच लिहिले.

साहेबांचा आवडता प्रकार म्हणजे माशीचा गळ. आपल्याकडे गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात. यात आमिष नसते; पिसे आणि दोरा गुंडाळून गळावरच खोटी माशी बांधलेली असते. साध्या गळाला शिशाचा तुकडा लावतात आणि त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. पिसाच्या माशीला वजन ते काय! म्हणून इथे दोरीच जाड आणि जड ठेवतात, आणि गाडीवान जसा आसूड फिरवतो तशी काठी मागेपुढे करून ती दोरी हवेत उलगडायची. टोकाची माशी पाण्यावर अलगद टेकली पाहिजे. नुसत्या ताकदीने हे जमत नाही, सवय लागते. काश्मीरच्या आणि निलगिरीच्या ओढ्यांत या रीतीने ट्राउट धरतात. आपल्याकडे ट्राउट जगणार नाही, पाणी त्याला फार ऊन पडते. खडशी मात्र पाण्यात पडणारे किडे खाते, उंबरेसुद्धा खाते, आणि खोट्या माशीलाही फसते.

तुम्ही म्हणाल, मग चला, डोहावर जाऊन बसू! तर जरा थांबा. २० अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी ३० अंशांवर गेले की तो साडेसातवर येतो. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी माशाला आधीच धाप लागलेली असते. अशा वेळी त्याला गळावर दहा मिनिटे झुंजवून मग 'सोडून दिला' म्हणणे यात दया कसली? तो खडकाआड जाऊन मरतो. तेव्हा गळ टाकायचाच तर पहाटे, उन्हे वर येण्यापूर्वी, आणि तोही मोठ्या जलाशयावर. आटलेल्या डोहात नव्हे. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकावा. माशाला कोरड्या हाताने धरू नये, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत आहे. जलाशयातले हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांना आधी विचारावे. भंडारदऱ्याभोवती कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथल्या वनखात्याचे नियम वेगळे. आणि ब्लीचिंग पावडर टाकून किंवा सुरुंग उडवून मासे मारणे हा तर १८९७ च्या कायद्यापासूनचा गुन्हा आहे. एका बादलीभर माशांसाठी अख्खा डोह बाधतो, आणि त्याच डोहावर गुरे पाणी पितात.

मासे कमी झाले तर आणून सोडावेत, असा सोपा उपाय कोणी सुचवील. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर १९७० च्या सुमारास खडशीची कृत्रिम पैदास साधली. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा. कामगिरी थोर खरी. परंतु तिथली पिले पुढे कावेरीतही सोडली गेली, आणि कावेरीत मुळात राहणारा कुबडाचा महाशीर आज नामशेष होण्याच्या टोकावर आहे. त्याच्या जागेवर हे पाहुणे पसरले, असे अभ्यासकांचे सांगणे आहे. एका नदीचे औषध दुसऱ्या नदीला लागू पडतेच असे नाही.

त्याहून जुना उपाय आपल्या गावांनीच शोधलेला आहे. इगतपुरीजवळ अडवलेली वैतरणा खाली पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यात जाते. तिथे तिळसे येथे नदीकाठी महादेवाचे देऊळ आहे. त्या डोहातला मासा कोणी धरीत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनीच्या नावाने मासे राखलेले. लोक कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे वर येतात. ना पहारेकरी, ना कुंपण. देवाची भीती म्हणा, गावाचा शब्द म्हणा, डोह राहिला हे खरे.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या गावाजवळचा एखादा डोह निवडा. चैत्रापासून दर पंधरवड्याला मुलांना घेऊन जा. बांबूला खुणा करून खोली मोजा, उष्णतामापक बुडवून पाहा, आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून तिथल्या माशांची नावे त्यांच्याच बोलीत वहीत उतरवा. कुठले नाव आता फक्त आठवणीत आहे आणि मासा नाही, तेही लिहा. चिलापीसारखा बाहेरून आलेला मासा कधीपासून दिसू लागला, याचीही नोंद असू द्या. अशी पाच वर्षांची वही झाली, तर ती मत्स्यखात्यालाही उपयोगी पडेल.

मे महिना सरत आला की भंडारदरा आणि घाटघरच्या बाजूला झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखू लागतात. ते पाहायला गाड्यांची रीघ लागते. काजवे एकमेकांना उजेडाने साद घालतात. गाडीच्या दिव्यांपुढे ती साद विरून जाते. गाडी गावातच ठेवावी, दिवे विझवावे आणि गावातल्याच एखाद्या वाटाड्याबरोबर पायी जावे.

मग मृगाचा पाऊस येतो. ओढ्यांना लाल पाणी सुटते आणि डोहात उन्हाळा काढलेले मासे प्रवाहाच्या उलट शेतांच्या बांधांपर्यंत चढू लागतात. हे वलगणीचे मासे. त्यांच्या पोटात अंडी असतात. त्या आठवड्यात गळ आणि जाळी दोन्ही खुंटीला टांगून ठेवा, आणि कंदील घेऊन बांधावर नुसते पाहायला जा.