परसातील कोंबड्या : सुरुवात कशी करावी?

कोंबड्या पाळायच्या म्हणजे एकदम पंचवीस पिल्ले आणून सोडणे नव्हे. पिल्लांना ऊब लागते, त्यांच्यावर घारीची नजर असते. त्यापेक्षा पाच-सहा तलंगा घ्या. त्या लवकर अंड्यावर येतात. खाण्यापुरती अंडी हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालतो, हे पुष्कळांना खरे वाटत नाही! खुराडे कोरडे, मुंगसाला शिरता येणार नाही असे करा.

खरा शत्रू मानमोडी. ती आली की आठ दिवसांत खुराडे ओस पडते, आणि अंडी विकून मुलीच्या वह्या घेणाऱ्या आईचा हातही रिकामा होतो. या रोगावर औषध नाही, लस आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. लस बर्फातच आणा, निरोगी कोंबड्यांनाच द्या. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा.