विहिरीत रेती येते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. तिची दुसरी बाजू मात्र ज्यांच्या दारात विहीर आहे त्यांनाच ठाऊक असते. आडात जे असेल ते पोहऱ्यात येतंच. आडात रेती असेल तर ती पोहऱ्यातून हंड्यात, हंड्यातून तांब्यात आणि तांब्यातून थेट दाताखाली येते. आज या रेतीबद्दलच बोलायचं आहे.

ठाणे, कल्याण, डोंबिवली म्हटलं की आता डोळ्यांपुढे उंच इमारती आणि लोकलची गर्दी येते. पण जुन्या वाड्यांच्या परसात, चाळींच्या मागे, मशिदींच्या आणि देवळांच्या आवारात, आगरी-कोळ्यांच्या गावठाणांत विहिरी अजून आहेत. नळाचं पाणी दोन दिवस आलं नाही की त्यांची आठवण होते. मोटर सुरू होते, टाकी भरते आणि तासाभरात घरातून आवाज येतो, ‘अहो, पाण्यात खर येतेय!’

रेतीचं आणि आमच्या भागाचं नातं तसं जुनं आहे. कल्याणला रेतीबंदर आहे, मुंब्र्यालाही रेतीबंदर आहे. उल्हास नदीच्या खाडीत होड्या न्यायच्या, बादली घेऊन बुडी मारायची आणि तळातली रेती वर आणायची, हा इथल्या कितीतरी माणसांचा धंदा होता. सरकारी कागदांत या पद्धतीला ‘हातपाटी-डुबी’ असं नाव आहे. पुढे सक्शन पंप आले आणि खाडीचा तळच ओरबाडला जाऊ लागला, तेव्हा कोर्टकचेऱ्या झाल्या, बंदी आली. मुंबई-ठाण्याच्या अनेक इमारतींच्या भिंतींत या खाडीची रेती आहे. खाडीतली रेती म्हणजे पैसा आणि विहिरीतली रेती म्हणजे कटकट, असा हा प्रकार.

पण विहिरीतली रेती बहुधा खाडीतून आलेली नसते. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला, भेगाळलेला खडक आणि त्याखाली अखंड काळा दगड. पाणी असतं ते मुरमात आणि भेगांच्या खडकात. झरे तिथूनच फुटतात. त्या मुरमाचे कण पाण्याबरोबर सुटून आत येतात, तीच ही खर.

आमच्या लहानपणी घरामागच्या विहिरीवर रहाट होता. पहाटेच्या नमाजाआधी वजूसाठी पहिला पोहरा पडायचा आणि त्या करकरीनं आम्हा मुलांना जाग यायची. तेव्हाही थोडी खर असायचीच. आईचा एक नियम होता : रात्री भरून ठेवलेला हंडा सकाळी हलवायचा नाही. वरचं निवळलेलं पाणी अलगद ओतून घ्यायचं, तळचं चार बोटं पाणी झाडांना. ‘निवळणं’ हा मराठीतला किती सुंदर शब्द आहे! पाणी निवळतं, आभाळ निवळतं आणि रागावलेला माणूसही निवळतो. तिघांनाही थोडा वेळ द्यावा लागतो, इतकंच.

मग विहिरीवर मोटर बसली आणि खर एकदम वाढली. असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. रहाटानं पाणी हळूहळू निघतं आणि झऱ्यांतून येणारं पाणी त्याची भरपाई करत राहतं. मोटर मात्र घटकाभरात पाण्याची पातळी कित्येक फूट खाली नेते. बांधकामाच्या मागे साठलेलं पाणी मग दगडांच्या फटींतून जोरानं आत घुसतं आणि येताना मुरूम घेऊन येतं. म्हणजे विहिरीत येणारी रेती कुठून तरी कमी होत असते. ती भिंतीच्या मागून कमी होत असेल, तर तिथे पोकळी तयार होते. आज दाताखाली खर लागते, उद्या भिंतीला फुगवटा येतो आणि परवा कठड्यासकट काठ खचतो. म्हणून रेतीकडे नुसती कटकट म्हणून पाहू नये. विहिरीनं दिलेली ती सूचना असते.

ती वाचायची कशी? काचेची एक पांढरी बाटली घ्या, तिच्यात पाणी भरा आणि ठेवून द्या. कण पाहता पाहता तळाशी बसले तर ती रेती किंवा मुरमाची खर. काही तासांनी बसले तर गाळ. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच राहिलं तर ती चिकणमाती. आता मोटर सुरू करून सुरुवातीचं, दहा मिनिटांनंतरचं आणि तासाभरानंतरचं पाणी अशा तीन बाटल्या भरा. फक्त पहिल्या बाटलीत खर असेल तर ती बहुधा पाइपात किंवा तळाशी बसलेली असते. तिन्हींत सारखी असेल तर ती आतून सतत येते आहे. शेवटच्या बाटलीत वाढली असेल, तर आवक कमी आणि उपसा जास्त, असा सरळ हिशेब. आणि पावसाळ्यातच पाणी गढूळ होत असेल, तर रस्त्याचं पाणी वरून आत शिरतं आहे.

उपायही याच क्रमानं करावेत. मोटर किंवा फुटव्हॉल्व तळापासून चांगला वर घ्यावा. एका दमात टाकी भरण्याऐवजी थोड्या थोड्या वेळानं उपसा करावा, व्हॉल्व थोडा आवळून प्रवाह कमी ठेवावा. पुष्कळदा एवढ्यानंच निम्मं काम होतं. कठडा उंच करावा, भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला ओटा घालावा. बांधकामाचा वरचा भाग सिमेंटनं पक्का करावा. मात्र खाली, जिथे झरे आहेत तिथे फटी लिंपून टाकू नयेत. पाणी अडलं की मागून दाब येतो आणि भिंतच आत येते. तिथे भिंतीमागे धुतलेली खडी भरतात, म्हणजे पाणी येतं आणि मुरूम मागे राहतो. तळाशीही खडीचा थर देतात.

बोअरवेलची गोष्ट थोडी वेगळी. तिथला वरचा पाइप, म्हणजे केसिंग, मुरूम ओलांडून पक्क्या खडकात बसलेला असावा लागतो. चार पैसे वाचवण्यासाठी तो मुरमातच संपवला, तर खर जन्मभर येत राहते. कॉम्प्रेसरनं बोअर साफ करता येते, पण पाइपच अपुरा असेल तर सफाई तात्पुरती ठरते. ठिबक सिंचनवाले शेतकरी हायड्रोसायक्लोन नावाचं एक नरसाळ्यासारखं यंत्र लावतात. त्यात पाणी गरगर फिरतं आणि जड रेती खाली बसते. घरासाठीही असं लहान यंत्र चालतं. तेही नको असेल तर टाकीतून घरात येणारा नळ तळापासून थोडा वर घ्यावा आणि तळाशी गाळ सोडायला वेगळा नळ ठेवावा. ही आईच्या हंड्याचीच रीत.

रेतीनं माणूस आजारी पडत नाही. बिघडतात ते पंप, नळ आणि गीझर. पण गढूळ पाण्यात जंतू कणांच्या आड लपतात आणि क्लोरीनचा त्यांच्यावर नीट परिणाम होत नाही. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. उकळल्यानं जंतू मरतात, गाळ जात नाही. आणि कारखान्यांच्या किंवा सांडपाण्याच्या शेजारची विहीर असेल, तर तिच्यातली रसायनं यांतल्या कशानंच जात नाहीत. प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेतल्याशिवाय ते पिऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर्षानुवर्षं साचलेला गाळ कधीतरी काढावा लागतो आणि त्यासाठी माणूस आत उतरतो. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेत एक माणूस विहीर साफ करायला उतरला, तो वर आलाच नाही. त्याच्या मागोमाग आणखी दोघे गेले. त्यांना वाचवायला अग्निशमन दलाचे जवान उतरले. त्या एका विहिरीनं पाच जीव घेतले, त्यांत दोन जवान होते. बुडून नव्हे, विषारी वायूनं.

बंद, वापरात नसलेल्या विहिरीत कुजलेल्या गाळातून वायू निघतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशीच राहतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो म्हणावं, तर वायू फार असला की नाकाला तो वासच कळेनासा होतो. पूर्वी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरू नये हे खरं. पण विझला नाही म्हणजे धोका नाही, असं मुळीच नाही. विषारी वायू असतानाही ज्योत जळत राहू शकते आणि पेट घेणारा वायू असेल तर कंदिलानंच स्फोट होईल. वायू मोजण्याचं यंत्र आणि हवा भरणारा पंखा असल्याशिवाय, अंगाला पट्टा, त्याला दोर आणि दोरावर वर माणसं असल्याशिवाय कोणीही उतरू नये. डिझेलचं इंजिन विहिरीत किंवा तोंडाशी चालवू नये. आत गेलेला माणूस बोलेनासा झाला, तर त्याच्या मागे उडी घेऊ नये. १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवावं. आपला माणूस समोर पडलेला असताना हे ऐकायला फार कठोर वाटतं. पण एकाचे पाच होतात ते याच क्षणी.

गटारं आणि सेप्टिक टँक यांच्या धोकादायक सफाईला २०१३ च्या कायद्यानं मनाई केली. त्यांची घाण डोळ्यांना दिसते, म्हणून भीती तरी वाटते. विहिरीची भीती वाटत नाही, कारण तिचं पाणी आपण प्यायलेलो असतो.

चैत्र-वैशाखात पाणी खाली जातं. मृगाच्या आधी विहिरीचं काम काढायला हेच दिवस योग्य. गाळ निघाला की पहिलं पाणी उपसून टाका, प्रमाणात ब्लीचिंग पावडर घाला, रात्रभर विहीर तशीच राहू द्या, दुसऱ्या दिवशी तेही पाणी काढा आणि मगच वापरा. मजुरी ठरवताना चारशे-पाचशे रुपयांवरून घासाघीस करण्याआधी, दोर कोणाचा आणि पंखा कोण आणणार, हे विचारा. उतरणाऱ्याच्या घरीही कोणीतरी त्याची वाट पाहत असतं.