चाळीतील तार, नळ आणि मोरी : जुन्या कामगार-घरांच्या सुधारणेचा प्रश्न

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कामगारवर्गाच्या घरांचा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. नवी घरे किती बांधली गेली, हे एक टोक. जुनी घरे केव्हा पाडली जाणार, हे दुसरे. या दोहोंच्या मधे जे घर आज उभे आहे, ज्यात आज रात्री माणसे झोपणार आहेत, त्याच्या भिंतीतील तार, जिन्याखालचे मीटर, पाण्याचा नळ आणि मोरीचा पाइप यांची दखल फारशी कोणी घेत नाही. ही उपेक्षा आकस्मिक नव्हे. तिला आर्थिक कारणे आहेत आणि तिचे परिणाम वर्गीय आहेत. म्हणूनच हा विषय केवळ गवंडी आणि वायरमन यांच्यावर सोडून चालणार नाही.

प्रथम इतिहास पाहिला पाहिजे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे 1920 साली सरकारी विकास खाते निघाले व त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) आणि शिवडी येथे काँक्रीटच्या 207 चाळी उभारल्या. त्याच बीडीडी चाळी होत. तळमजला व वर तीन मजले, सुमारे 160 चौरस फुटांची एकेक खोली, संडास सामाईक. या घरांचा हेतू कामगाराला माणूस म्हणून जगता यावे हा नव्हता. तो भोंग्याच्या वेळी गिरणीच्या दारात हजर व्हावा, हा होता. 1915 साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. परंतु गिरणीचे चाक विजेवर फिरू लागले म्हणून ते फिरवणाऱ्याच्या खोलीतही त्याच दिवशी दिवा लागला, असे घडले नाही. यंत्राला शक्ती आधी मिळाली, माणसाला प्रकाश मागाहून मिळाला. भांडवली विकासाचा क्रम असाच असतो.

चाळींत वीज पोचली ती एकदोन दिव्यांपुरती. लाकडी पट्ट्यांवरून रबरी वेष्टणाच्या तारा नेल्या जात. उष्णतेने व वयाने रबर वाळते, तडकते, गळून पडते. प्लास्टिक वेष्टणाच्या तारा नंतर आल्या. पण अनेक ठिकाणी त्या जुन्या तारांना जोडल्या गेल्या, जुन्या तारा काढल्या गेल्या नाहीत. आता साधा हिशोब करावा. 60 वॉटचे दोन दिवे 230 व्होल्टवर सुमारे अर्धा अँपियर प्रवाह घेतात. अंघोळीचे पाणी तापवण्यासाठी बादलीत सोडला जाणारा 1500 वॉटचा रॉड साडेसहा अँपियर घेतो. प्रवाह साडेबारा पट झाला, तर तारेत निर्माण होणारी उष्णता साडेबारा पट होत नाही. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दीडशे पटींहून अधिक वाढते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घातली जाते आणि जी तार जळून घर वाचवणार होती तिलाच निकामी केले जाते. पुढचे काम वाळलेले रबर आणि लाकडी पट्टी करते. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी ‘शॉर्ट सर्किट’ असे दोन शब्द येतात. त्या दोन शब्दांमागे साठ-सत्तर वर्षांची उपेक्षा असते.

येथे एक आक्षेप घेतला जातो : भाडेकरूंनीच उपकरणे वाढवली, मग दोष कोणाचा? हा आक्षेप खोटा आहे. बंब पेटवायला लाकूड-कोळसा परवडेना, रॉकेल मिळेना, तेव्हा कामगाराच्या घरात रॉड आला. पहाटे पाळीला जाणाऱ्या बाईला गरम पाणी हवे असणे ही चैन नव्हे. गरज वाढली आणि तिला पेलणारी व्यवस्था बदलली नाही, हा दोष व्यवस्थेच्या मालकाचा आहे. गॅसच्या गिझरचीही तीच गत. हवा खेळत नाही अशा बंद मोरीत तो लावला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही.

पाण्याची कहाणी याहून वेगळी नाही. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ आतून गंजत जातो, त्याचे तोंड अरुंद होते आणि वरच्या मजल्यावर धार पोचत नाही. मुंबईत बहुतेक वस्त्यांना पाणी दिवसातून काही तासच मिळते. उरलेल्या वेळी नळ रिकामा असतो, आणि रिकाम्या नळात फुटक्या सांध्यांतून आसपासचे सांडपाणी शिरते. ज्याला जमेल तो थेट नळालाच मोटर लावतो. त्यामुळे शेजाऱ्याचे पाणी ओढले जाते आणि गटाराचेही. कावीळ आणि विषमज्वर यांचा उगम अशा सांध्यांत असतो. जी टंचाई वरून लादली गेली तिच्यावरून भांडण मात्र एका मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांत होते, आणि मालक ते पाहत उभा राहतो. पाण्याच्या वेळेसाठी पहाटे उठणे, हंडे भरणे, रांगेत वाद घालणे हा भार प्रामुख्याने स्त्रियांवर पडतो. या श्रमाला मजुरी नाही, सुट्टी नाही. तरी त्यावाचून कारखान्याचे फाटक एक दिवसही उघडणार नाही.

शिवाय गळका नळ फक्त पाणी वाया घालवत नाही. मोरीखालची लाकडी तुळई ओलाव्याने कुजते. काँक्रीटमधील सळई गंजून फुगते व काँक्रीट फोडते. इमारत कोसळते तेव्हा खांब व तुळया मोजल्या जातात, परंतु त्या खांबाला कुजवणारा नळ वीस वर्षे गळत होता याची नोंद होत नाही.

कायदा याबाबत काय करतो? 1969 साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवून मुंबई बेटावरील 19,642 इमारती त्याखाली आणल्या गेल्या. त्यांतील 16,502 इमारती 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या होत्या. पुढे हे काम 1976 च्या कायद्यान्वये म्हाडाकडे गेले. हा उपकर मिळणे ही भाडेकरूंच्या दबावाची कमाई होती, हे विसरता कामा नये. परंतु मंडळाच्या कामाचा भर संरचनात्मक दुरुस्तीवर राहिला आणि तिलाही चौरस मीटरमागे खर्चाची कमाल मर्यादा घातली गेली. खर्च त्यापलीकडे गेला की वरचा भार रहिवाशांनी उचलावा, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असे मानले जाते. म्हणजे आधी उपेक्षेने खर्च वाढू द्यायचा आणि मग वाढलेल्या खर्चाचे कारण सांगून दुरुस्ती नाकारायची.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 साली संमत झाला व 31 मार्च 2000 पासून अमलात आला. त्याच्या कलम 14 नुसार, उलट करार नसेल तर, जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू एकेकट्याने किंवा एकत्र येऊन ती करू शकतात व खर्च भाड्यातून वळता करू शकतात; मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. महिना शंभर रुपये भाडे असेल, तर वर्षाला तीनशे रुपये! तेवढ्यात एका खोलीची तारही बदलणार नाही. तरीही या तरतुदीतील ‘एकत्र’ हा शब्द मोलाचा आहे. कलम 29 अन्वये पाणी, वीज, जिन्यावरचा दिवा, सफाई या आवश्यक सेवा तोडणे वा अडवणे मालकाला मना आहे. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 43 नुसार जोडणी मागण्याचा हक्क मालकाप्रमाणेच जागेत राहणाऱ्यालाही आहे. ही शस्त्रे अपुरी आहेत. पण ती म्यानातच ठेवावीत असा याचा अर्थ नव्हे.

मग सुधारणा होत का नाही? कारण जमिनीचा भाव. शहराच्या मध्यभागी चाळ जितकी लवकर धोकादायक ठरेल तितकी तिच्याखालची जमीन लवकर मोकळी होते. गळका नळ मालकाच्या दृष्टीने नुकसान नसून गुंतवणूक असते. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि शेजारच्या चाळींचा दिवा मात्र जुन्याच तारेवर जळत राहिला. ‘पुनर्विकास होणारच आहे, आता तार कशाला बदलायची?’ हा युक्तिवाद दशकानुदशके ऐकवला गेला. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन 2017 साली झाले. वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या त्या ऑगस्ट 2025 मध्ये. नवे घर मिळणे हा रहिवाशांचा हक्कच होय. परंतु आश्वासन आणि चावी यांच्यामधल्या वर्षांत एक पिढी त्याच मीटरखालून ये-जा करते.

एंगल्सने 1872 साली घरांच्या प्रश्नावर जी लेखमाला लिहिली तिचे सार येथे उपयोगी पडते. भांडवलदार हा प्रश्न सोडवत नाहीत, ते तो एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतात. सुधारणा झाली की भाडे वाढते आणि ज्याच्यासाठी सुधारणा केली त्यालाच बाहेर पडावे लागते. मात्र संघटित शक्ती असेल तर वेगळा मार्गही निघतो. व्हिएन्ना शहरात पहिल्या महायुद्धापूर्वीच्या कामगार इमारतींत पाण्याचा नळ बोळात आणि संडास सामाईक असे. 1923 ते 1934 या काळात तेथील समाजवादी नगरपालिकेने, घरातच पाणी व संडास असलेली, साठ हजारांवर घरे बांधली. 1984 नंतर जुन्या इमारतींच्या सुधारणेसाठी सार्वजनिक निधी उभारला गेला : रहिवासी घरात असतानाच नळ, तारा व तापन-व्यवस्था बदलायची आणि अनुदानाच्या बदल्यात भाडेवाढीवर मर्यादा घालायची. तेथे भांडवलशाही संपलेली नाही. पण सुधारणा म्हणजे हकालपट्टी हे समीकरण अपरिहार्य नाही, एवढे त्यातून सिद्ध होते.

कार्याची दिशा यावरून ठरते. पहिले काम पाहणीचे : मजलावार समिती करून प्रत्येक खोलीतील तार, भार, नळ व गळती यांची लेखी नोंद करावी. दुसरे, कामाचा क्रम. आधी सामाईक व्यवस्था, मग खोली. मीटर लाकडी जिन्याखालून हलवलीच पाहिजेत, कारण आगीच्या वेळी तोच एकमेव सुटकेचा मार्ग असतो. जुन्या घरांत अर्थिंगची तार अनेकदा लोखंडी पाण्याच्या नळालाच बांधलेली असते. नळ बदलून प्लास्टिकचा बसवला की अर्थिंग नकळत तुटते. म्हणून प्लंबर आणि वायरमन यांची कामे एका आराखड्यातच व्हावीत. 30 मिलिअँपियर गळतीवर प्रवाह तोडणारे साधन प्रत्येक बिऱ्हाडाला मिळावे. ते माणसाचा जीव वाचवते. तिसरे, खर्च. सामाईक तारा, नळ व अर्थिंग यांचा खर्च उपकर व सार्वजनिक निधीतून व्हावा. त्यापोटी भाडेवाढ नको आणि कोणाचीही खोली जाता कामा नये. चौथे, काम परवानाधारक कारागिरांकडून आणि योग्य मजुरी देऊन करून घ्यावे.

हा प्रश्न मुंबईपुरता नाही. अहमदाबादच्या चाली, कानपूरचे अहाते, इंदूर-नागपूर-सोलापूरच्या गिरणी वस्त्या, झरियाच्या कोळसा खाणींवरील धौडे येथे मालक वेगळे आहेत, कायदे वेगळे आहेत, पण उपेक्षेचे गणित एकच आहे.

काही कार्यकर्त्यांना वाटते की नळ-दिव्याच्या मागण्या म्हणजे सुधारणावाद. खरी लढाई मजुरीची. पण कारखाना बंद पडला, कंत्राटी पद्धत आली, की मजुरीच्या लढाईचे फाटकच विखुरते. त्यानंतर वेगवेगळ्या मालकांचे, वेगवेगळ्या जातिधर्मांचे कामगार रोज एकत्र येतात ते एकाच जिन्यावर, एकाच नळावर. त्या नळावर ते एकमेकांशी भांडतील की एका नोटिशीखाली सह्या करतील, हे संघटनेवर अवलंबून आहे. आगीने मरणाऱ्याला पुढच्या क्रांतीचा उपयोग नसतो. आजच्या घरातील माणूस जिवंत, निरोगी व संघटित ठेवणे हे उद्याच्या लढ्याचेच काम होय.